रक्तात काय असतं?

(युवक-युवतींच्या निवासी शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला आहे 'आनुवंशिकता, परिसर आणि व्यक्तिमत्त्व'. विषयाचं नाव जड आहे, पण तो तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. 'अगदी बापावर गेलाय.' 'मामाचा गुण उतरलाय पोरीत.' 'खाण तशी माती.' 'खानदानच तसं आहे, पोरगा वेगळा कसा निघेल?' ही वाक्यं घरात ऐकली नाहीत असा एकही जण या हॉलमध्ये नसेल. मी मानसशास्त्र शिकवते. माझ्या विषयाने गेली दीडशे वर्षं याच वाक्यांची उलटतपासणी चालवली आहे. तिच्यातून काय निघालं, ते आज सांगायचा प्रयत्न करते.

सुरुवात माझ्यापासून करते. सातवीत असताना गणिताच्या पेपरात मला फार कमी गुण मिळाले. पेपर हातात देताना शिक्षक वर्गासमोर म्हणाले, "तुमच्या लोकांच्या डोक्यात गणित शिरायचं नाही. तुम्ही धंदाच करायचा." हे शिक्षक दुष्ट नव्हते. माझ्या भावाला शाळेला येता यावं म्हणून त्यांनी स्वतःची जुनी सायकल दिली होती. म्हणूनच ते वाक्य मला खरं वाटलं. रडत घरी आले आणि अम्मीला सांगितलं. अम्मी म्हणाली, "खरंच आहे बेटा. आपल्या खानदानात कुणालाच हिशेब जमत नाही. तुझे नाना उधारीच्या वहीतच बुडाले." शिक्षक आणि अम्मी एकमेकांना कधी भेटलेही नव्हते, पण दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली: हे तुझ्या रक्तातच नाही.

आमच्या गल्लीत एक आपा बँकेच्या परीक्षेची तयारी करत होत्या. त्यांनी मला आणि भावाला संध्याकाळी बसवायला सुरुवात केली. अपूर्णांक त्यांनी भाकरीचे तुकडे करून शिकवले. दहावीला माझे सगळ्यात जास्त गुण गणितात आले. मधल्या तीन वर्षांत माझं रक्त बदललं नव्हतं. पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच राहील. माझा भाऊ त्याच आपांकडे, त्याच चटईवर बसायचा आणि दहा मिनिटांत उठून पळायचा. घर एक, आई-बाप एक, शिकवणारी एक, आणि दोघांचा स्वभाव दोन टोकांचा. म्हणजे परिसरच सगळं ठरवतो असं म्हटलं तर भावाचं काय करायचं? आणि रक्तच सगळं ठरवतं असं म्हटलं तर माझं काय करायचं? दोन्ही प्रश्न मनात ठेवा. शेवटी मी पुन्हा भावाकडे येणार आहे.

जुळ्यांनी काय शिकवलं

हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने मांडायचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने केला. तो चार्ल्स डार्विनचा नात्याने भाऊ. इंग्लंडमधले नामवंत न्यायाधीश, सेनानी, लेखक बहुधा एकमेकांचे नातेवाईक असतात हे दाखवून १८६९ साली त्याने निष्कर्ष काढला की प्रतिभा वंशाने येते. या नामवंतांच्या पोरांना पैसा, उत्तम शाळा आणि ओळखीपाळखीही वंशानेच मिळत होत्या, याला त्याने फारसं महत्त्व दिलं नाही. पण त्याच गाल्टनने १८७५ मध्ये एक चांगली वाटही दाखवली. तो म्हणाला, जुळी मुलं तपासा.

जुळी दोन प्रकारची असतात. एकाच फलित बीजापासून झालेली, म्हणजे हुबेहूब जुळी. त्यांची जनुकं जवळजवळ शंभर टक्के सारखी असतात. दुसरी दोन वेगळ्या बीजांपासून झालेली. ती इतर भावंडांसारखीच. आई-बापांकडून आलेल्या जनुकांमधले जे फरक असतात, त्यांपैकी सरासरी निम्मे त्यांच्यात समान असतात. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकाच घरात वाढतात. मग हुबेहूब जुळी स्वभावाने एकमेकांच्या जास्त जवळ आढळली, तर त्या जास्तीच्या साम्याचं श्रेय जनुकांना द्यायचं. युक्ती एवढी साधी आहे.

१९७९ साली अमेरिकेत दोन जुळे भाऊ वयाच्या ३९ व्या वर्षी पुन्हा भेटले. जन्मानंतर काही आठवड्यांतच ते वेगवेगळ्या घरी दत्तक गेले होते. दोघांचं नाव जिम. दोघांच्या पहिल्या बायकोचं नाव लिंडा, दुसरीचं बेटी. दोघांनी लहानपणी कुत्रा पाळला होता आणि त्याचं नाव टॉय ठेवलं होतं. मिनेसोटा विद्यापीठाचे थॉमस बुशार्ड यांनी या दोघांपासून वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांचा मोठा अभ्यास सुरू केला. ही गोष्ट आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. पण सावधपणे ऐका. बायकोचं नाव लिंडा असण्याचं जनुक नसतं. त्या काळच्या अमेरिकेत लिंडा आणि बेटी ही आपल्याकडच्या शबाना आणि परवीनइतकीच चालणारी नावं होती. दोन माणसांच्या आयुष्यात हजार गोष्टी तपासल्या तर दहा-पंधरा जुळणारच. शास्त्र अशा चमत्कारांवर उभं राहत नाही. शेकडो जोड्यांच्या सरासरीवर उभं राहतं.

ती सरासरी आता आपल्याकडे आहे. २०१५ साली जगभरातल्या पन्नास वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. एकच जोडी अनेक अभ्यासांत आलेली धरून सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्यांची माहिती त्यात होती. उंची, आजार, बुद्धी, स्वभाव, सगळ्या गुणांची मिळून सरासरी काढली, तेव्हा माणसामाणसांतल्या फरकांपैकी ४९ टक्के फरक जनुकांशी जोडलेला निघाला. मानसशास्त्रात आपण स्वभावाचे पाच मुख्य पैलू मानतो: नव्याची ओढ, शिस्त, बोलकेपणा, जुळवून घेण्याची वृत्ती आणि लवकर अस्वस्थ होण्याचा कल. या पाचही बाबतीत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४० ते ५० टक्के येतो.

तेव्हा पहिली गोष्ट मान्य करू या. माझा भाऊ दहा मिनिटांत उठायचा, तो आळशी होता म्हणून किंवा अम्मीने त्याला लाडावलं म्हणून, एवढंच म्हणून भागणार नाही. मुलं कोऱ्या पाट्या नसतात. दोन पोरांची आई हे कुठल्याही अभ्यासाआधीच सांगते.

४० टक्के म्हणजे काय?

आता इथे बहुतेक जण घसरतात. ४० टक्के आनुवंशिक म्हणजे माझा ४० टक्के राग जन्मजात आणि ६० टक्के बाहेरून आलेला, असा अर्थ होत नाही. एका माणसाच्या स्वभावाचे असे तुकडे करताच येत नाहीत. पीक बियाण्याने आलं की पाण्याने, हे विचारण्यासारखं ते आहे. तो आकडा एका विशिष्ट काळातल्या, विशिष्ट परिस्थितीतल्या माणसांमधल्या फरकांबद्दल बोलतो. परिस्थिती बदला, आकडा बदलतो.

रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये यासाठी एक दाखला दिला. मी तो आपल्या ज्वारीवर घेते. एका पोत्यातून दोन मुठी बियाणं घ्या. पोत्यात सगळ्या प्रकारचं, मिसळलेलं बी आहे. एक मूठ काळ्या कसदार जमिनीत पेरा, वेळेवर पाणी द्या. दुसरी माळरानावर टाका. काळ्या रानात काही ताटं उंच होतील, काही बुटकी. सगळ्यांना माती-पाणी सारखंच, म्हणून तिथला फरक बियाण्याचा. माळावरही काही बरी, काही खुरटी. तिथलाही आपापसातला फरक बियाण्याचाच. पण काळ्या रानातलं पीक छातीला लागलं आणि माळावरचं गुडघ्यापर्यंतच आलं, हा फरक कशाचा? निव्वळ जमिनीचा. मुठी तर एकाच पोत्यातल्या होत्या.

हा दाखला तोंडपाठ करून ठेवा, तुम्हाला आयुष्यभर पुरेल. एका गटाच्या आतला फरक आनुवंशिक असला, म्हणून दोन गटांमधला फरक आनुवंशिक ठरत नाही. 'हे लोक असेच' म्हणणारा प्रत्येक जण हीच चूक करतो.

उंचीचंच बघा. उंचीइतका आनुवंशिक गुण क्वचित दुसरा असेल. २०२२ साली ५० लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून उंचीशी संबंधित १२ हजारांहून जास्त जनुकीय खुणा सापडल्या. तरीही दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. शंभर वर्षांत जनुकं बदलत नाहीत. ताटातलं अन्न बदललं, आजार कमी झाले. आनुवंशिक म्हणजे अटळ, हा समज इथेच कोसळतो.

आणि एक गोष्ट. उंचीसारख्या मोजपट्टीने मोजता येणाऱ्या गुणामागे हजारो खुणा असतील, तर रागामागे, धिटाईमागे एकच जनुक कसं असेल? वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी येते: हिंसेचं जनुक सापडलं, निराशेचं जनुक सापडलं. १९९३ साली हॉलंडमधल्या एका कुटुंबात काही पुरुषांचं एक जनुक पूर्ण बंद पडलेलं आढळलं आणि ते आक्रमक वागत. असा दोष अत्यंत दुर्मीळ आहे; पण त्यावरून 'लढवय्या जनुक' असं नाव पडलं आणि ते जगभर फिरलं. निराशेशी जोडलेल्या १८ गाजलेल्या जनुकांची २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर फेरतपासणी झाली. एकाचाही दावा टिकला नाही. प्रत्येक जनुकाचा परिणाम इवलासा असतो, आणि असे हजारो परिणाम एकत्र येऊन फक्त एक कल तयार होतो. स्वभावाची पायवाट म्हणा हवं तर. तिच्यावरून कोण किती चालेल, ते पुढे ठरतं.

घाबरट बाळ

पुढे ते कसं ठरतं, याचं एक उदाहरण सविस्तर सांगते. कारण ते आपल्या घरांमधल्या मुलींबद्दल आहे, जरी अभ्यास अमेरिकेतला असला तरी.

हार्वर्डचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या शेकडो बाळांना नवनवी खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले. बहुतेक बाळं शांतपणे बघत राहिली. साधारण पाचातलं एक बाळ मात्र हातपाय झाडायचं, पाठ ताठ करायचं, रडायचं. चार महिन्यांच्या बाळाला कुणी घाबरायला शिकवलेलं नसतं; हा जन्मजात कल. केगन यांच्या गटाने या मुलांना पुढे अनेक वर्षं गाठलं. अशी मुलं बुजरी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त होती. पण त्यांतली बरीचशी अतिशय बुजरी झालीच नाहीत.

फरक कुठे पडला? आई-बापांच्या वागण्याने काही फरक पडताना दिसला. ज्या घरांत मूल जरा बिचकलं की उचलून घ्यायचं, प्रत्येक अडचणीतून सोडवायचं, तिथे भीती जास्त टिकली. ज्या घरांत प्रेमाने पण ठामपणे मुलाला थोडंथोडं पुढे जाऊ दिलं, तिथे ती कमी झाली. स्वभाव मुळापासून बदलला असं नाही. बाळ लाजाळूच राहिलं असेल, पण लाजाळू असूनही बोलायला शिकलं.

आता आपल्या घरात या. समजा, अशीच एक बुजरी पोरगी आणि तिचा तितकाच बुजरा भाऊ. भावाला अब्बा म्हणतात, "मर्द आहेस ना? जा, दुकानातून दूध आण." तो रडत जातो, घेऊन येतो, दुसऱ्या दिवशी न रडता जातो. पोरगीला म्हणतात, "राहू दे, ती घाबरते." दहा वर्षांनी भाऊ एकटा पुण्याला कॉलेजात जातो. बहिणीसाठी बसचं तिकीटही दुसरं कुणीतरी काढतं. मग लोक म्हणतात, "मुलींची जातच भित्री." जन्मजात होता तो कल दोघांचा सारखाच होता. बाकी दहा वर्षांची मेहनत आपण केली आहे, आणि आळ मात्र निसर्गावर घालतो आहोत.

परिसराची ताकद किती मोठी असू शकते, हे रोमानियात दिसलं. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याची सत्ता १९८९ मध्ये कोसळली, तेव्हा लाखाहून अधिक मुलं सरकारी अनाथालयांत सापडली. पोटाला कसंबसं मिळत होतं. पण कुणी उचलून घेत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. २००० साली बुखारेस्टमध्ये संशोधकांनी १३६ लहान मुलांमधून चिठ्ठी काढावी तशी निवड करून निम्म्यांना कुटुंबात वाढवायची व्यवस्था केली. काही वर्षांनी पाहिलं तर कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीच्या चाचण्यांत संस्थेतल्या मुलांच्या पुढे होती. आणि जितक्या लहान वयात, विशेषतः दोन वर्षांच्या आत, घर मिळालं, तितका फायदा जास्त. निवड चिठ्ठीने झाली होती, म्हणून चांगल्या जनुकांची मुलं एका बाजूला गेली असं म्हणायला जागा नाही. मांडी मिळणं आणि न मिळणं, एवढाच फरक.

रक्ताच्या नावाने

मित्रांनो, हा विषय नुसता कुतूहलाचा नाही. रक्ताचा सिद्धांत जेव्हा सत्तेच्या हातात गेला, तेव्हा काय झालं ते बघा. सुप्रजननाची कल्पना गाल्टननेच मांडली आणि १८८३ मध्ये तिला नाव दिलं. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने 'अयोग्य' माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. पुढे अमेरिकेत ६० हजारांहून जास्त माणसांवर अशी शस्त्रक्रिया झाली; त्यांत गरीब, काळे, निराधार बायका होत्या. जर्मनीत नाझींनी १९३३ मध्ये तसाच कायदा केला आणि सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी केली. तो रस्ता कुठे गेला, ते तुम्हाला माहीत आहे.

आपल्याकडेही हे घडलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. इथे बाप सुतार असेल तर मुलगा सुतार होतो, तसा बाप चोर असेल तर मुलगा चोर होणार, असा त्यामागचा तर्क. अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. त्यांची हजेरी घेत, परवान्याशिवाय गाव सोडू देत नसत. सोलापुरात तारेच्या कुंपणाच्या सेटलमेंटमध्ये त्यांना ठेवलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांची सुटका झाली, म्हणून आपण त्यांना विमुक्त म्हणतो. त्याच शिक्का मारलेल्या एका जमातीतून लक्ष्मण गायकवाड आले, त्यांनी 'उचल्या' लिहिलं आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. कायदा करणाऱ्यांना त्यांच्या रक्तात लेखक दिसला नव्हता.

आता आपल्याबद्दल. एक प्रयोग करू. ज्यांच्या नानीला किंवा दादीला लिहिता-वाचता येत होतं, त्यांनी हात वर करा... सात, आठ. आता ज्यांची अम्मी शाळेत गेली आहे त्यांनी... जवळजवळ अर्धा हॉल. आता तुम्ही स्वतः, दहावीच्या पुढे शिकलेले... बघा आजूबाजूला. तीन पिढ्या, तेच खानदान, तीच जनुकं. नानीचा अंगठा आणि नातीची पदवी यांच्यामध्ये फक्त एक शाळा आणि तिला शाळेत पाठवणारं कुणीतरी, एवढंच आहे. २००१ च्या जनगणनेत बिहारमधल्या मुसलमानांची साक्षरता ४२ टक्के होती, महाराष्ट्रातल्या मुसलमानांची ७८ आणि केरळातल्या मुसलमानांची ८९ टक्के. 'या समाजाला शिक्षणाची आवडच नाही' म्हणणाऱ्याने सांगावं की ही आवड राज्याची हद्द ओलांडताच कशी वाढते.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवून थांबलं, तर मी इथे येण्याचा उपयोग नाही. रक्ताची भाषा आपणही वापरतो. लग्नाचं स्थळ आलं की विचारतो, "सय्यद आहेत की कोण?" तांबोळी, बागवान, पिंजारी, मुलाणी, फकीर, ही नावं घेताना आपला आवाज खाली-वर होतो. कुणाचे आजोबा कापूस पिंजत होते, यावरून नातू कसा वागेल ते आपण ठरवतो. शिक्षकांनी मला 'तुमचे लोक' म्हटलं तेव्हा मला लागलं. मग आपल्याच वस्तीतल्या एखाद्या पोराला 'फकिराची जात' म्हणताना आपली जीभ का अडखळत नाही?

आणि दुसरी पळवाट: "मी रागीट आहे, काय करू, पठाणी रक्त आहे." बायकोवर हात उगारणाऱ्या माणसाची आई हेच सांगते, "राग येतो, पण मनाचा साफ आहे." मी अशा एका भाऊसाहेबांना विचारलं होतं, "साहेबांवर कधी हात उचलला?" ते गप्प बसले. जो राग माणूस पाहून येतो आणि माणूस पाहून आवरतो, तो रक्तातला नसतो, सवयीचा असतो. आणि कल जन्मजात असला तरी तो बदलता येतो. २०१७ मध्ये मानसोपचारांच्या २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारात लोकांच्या स्वभावात, विशेषतः भावनिक स्थैर्यात, मोजता येईल असा फरक पडला होता. आधी आपण 'नसीब' म्हणायचो. आता शिकलो म्हणून 'जीन्स' म्हणू लागलो, तर शब्दच तेवढा बदलला असं होईल.

मग करायचं काय?

मी दोनच गोष्टी सांगते.

एक, मुलाचा कल ओळखा आणि त्याला साजेशी जमीन द्या. चळवळ्या पोराला चार तास मांडी घालून बसवणं म्हणजे शिक्षा. त्याला दहा-दहा मिनिटांचे तुकडे द्या. बुजऱ्या मुलीला एकदम स्टेजवर ढकलू नका, पण दुधाच्या पिशवीला तिलाच पाठवा. सगळ्या मुलांना सारखंच वागवणं हा न्याय दिसतो, पण दरवेळी तो न्याय असतोच असं नाही.

दोन, घरातली भाषा बदला. 'हे तुझ्या रक्तात नाही' हे वाक्य मुलाला जे सांगतं, ते मूल खरं करून दाखवतं. मी जवळजवळ करून दाखवलंच होतं. त्याऐवजी 'तुला अजून जमलेलं नाही' म्हणा.

आता भावाकडे येते. तो आज गॅरेज चालवतो. इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगतो. ज्या चुळबुळीने त्याला चटईवरून उठवलं, तीच आज त्याला पोटाला घालते. मागच्या वर्षी तो मला म्हणाला, "पोरगी अभ्यासाला बसत नाही. माझ्यावर गेली आहे. राहू दे तिचं शिक्षण, लग्नाचं बघू." ती आठवीत आहे.

मी म्हटलं, "गेली असेल तुझ्यावर. मी नाकारत नाही. पण म्हणूनच तिला आपांची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे. मी तर कशीही बसले असते. आणि तुला दहा मिनिटांपुरतं शिकवणारं कुणी भेटलं नाही, तो तुझा दोष नव्हता. तिला भेटलं नाही, तर तो आपल्या दोघांचा दोष असेल."

तेव्हापासून मी दर रविवारी त्याच्या घरी जाते. भाकरी घेऊन बसतो आम्ही. पहिले काही महिने ती दहा मिनिटांत उठायची. मी काही बोलायची नाही. ती एक चक्कर मारून यायची, मग पुढचे दहा. गेल्या रविवारी ती पंचवीस मिनिटं बसली, आणि उठली ती बापाला विचारायला, की पाना बारा-तेरा नंबरचा म्हणजे नेमकं काय मोजलेलं असतं.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी पोरगी असेल. तिच्या रक्तात काय आहे ते आपल्याला ठरवता येणार नाही. रविवारची संध्याकाळ मात्र आपल्या हातात आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.